खानेसुमारी आणि आपले पणजोबा

जीर्णोद्धाराची वर्गणी देताना देणगीदार आपल्या नावापुढे वडिलांचे नाव न विचारता लिहून देतो. आजोबांचे नाव विचारले तर तेही बहुतेकांना सांगता येते. पणजोबांचे नाव विचारले की मात्र माणूस घरातल्या वडीलधाऱ्यांकडे पाहू लागतो. खापरपणजोबांपर्यंत गेले तर वडीलधारेही गप्प होतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांनी याच शिवारात नांगर धरला, याच देवाला नवस बोलले, त्यांचे नावसुद्धा चार पिढ्यांत विसरले जावे, ही मनाला चटका लावणारी गोष्ट आहे.

देऊळ पडझडीला आले तरी त्याचे दगड जागेवर असतात. पायऱ्यांची जुनी बारव गाळाने भरली तरी गाळ काढल्यावर पायरी सापडते. माणसाचे तसे नाही. तो गेला की मागे राहते ती आठवण आणि कुठल्यातरी दप्तरातली एखादी ओळ. त्या ओळी जुळवून हट्ट्याच्या एखाद्या पूर्वजाचे आयुष्य उभे करता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

असे धरून चालू की हा पूर्वज १८८० च्या सुमारास हट्ट्यात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला आणि सत्तरी ओलांडून गेला. त्याला येथे मुद्दामच नाव दिलेले नाही. प्रत्येक घराने आपापल्या पणजोबांचे नाव त्या जागी घालून वाचावे.

पहिली शिरगणती

त्या काळी हा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६५ साली जिल्हाबंदी केली आणि महसुलाची घडी बसविली. वसमत तालुका पुढे दीर्घकाळ परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा निर्माण झाला तेव्हा वसमत व त्याबरोबर हट्टा नव्या जिल्ह्यात आले. ज्यांना जुने कागद शोधायचे आहेत त्यांनी ही गोष्ट पहिल्याप्रथम ध्यानात ठेवावी, कारण जुन्या कागदावर हिंगोली जिल्हा शोधून सापडणार नाही.

निजामाच्या राज्यातील पहिली रीतसर खानेसुमारी १७ फेब्रुवारी १८८१ रोजी झाली. इंग्रजी अमलाखालील हिंदुस्थानातही त्याच रात्री गणती होती. त्यानंतर दर दहा वर्षांनी हा क्रम चालू राहिला. आधी काही आठवडे घरांना नंबर टाकून माणसांची कच्ची यादी करीत आणि नेमल्या रात्री गणतीदार घरोघर फिरून ती ताडून पाहत. कोणी मेले असेल तर नाव खोडीत, कोणी जन्मले असेल वा पाहुणा आला असेल तर नाव चढवीत. कंदील धरून अंधारात हिंडणे कठीण, म्हणून ही रात्र शक्यतो चांदण्याची निवडीत. मोठी जत्रा वा सण असलेला दिवसही टाळीत.

१८८१ च्या त्या रात्री निजामाच्या राज्यात ९८ लाख ४५ हजार माणसे मोजली गेली. आपला पूर्वज तेव्हा आईच्या मांडीवर होता. त्या ९८ लाखांत एक आकडा त्याचा आहे. सरकारी कागदाशी त्याची ही पहिली गाठ होय.

दुष्काळ आणि साथी

१८९१ साली तो दहा-अकरा वर्षांचा झाला. गुरे राखण्याचे वय. राज्याची लोकसंख्या तेव्हा १ कोटी १५ लाख ३७ हजार भरली. पुढच्या खानेसुमारीत, म्हणजे १ मार्च १९०१ रोजी, ती वाढायला हवी होती. पण भरली १ कोटी ११ लाख ४१ हजार. दहा वर्षांत जवळजवळ चार लाखांची घट झाली.

ही घट का झाली ते जुन्या माणसांना सांगावे लागत नसे. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा महाभयंकर दुष्काळ यांनी दख्खन होरपळून काढली. या दुसऱ्या दुष्काळाला विक्रम संवत १९५६ वरून छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात. त्याच सुमारास प्लेगही राज्यात शिरला. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना धान्याच्या टंचाईची कल्पना आहे. पण १९७२ साली रोजगार हमीची कामे होती, बाहेरचे धान्य गावात येत होते. १८९९ साली रेल्वेसुद्धा या भागात आलेली नव्हती. हैदराबादहून मनमाडकडे जाणारा नांदेड-परभणीचा लोहमार्ग १९०० साली खुला झाला.

आपला पूर्वज त्या दुष्काळात विशीचा गडी होता. तो जगला म्हणूनच त्याचे वंशज आज देवळाला देणगी देत आहेत. त्याची किती भावंडे गेली, घरची जनावरे वाचली की नाही, हे खानेसुमारीच्या पुस्तकात नाही. तिथे फक्त चार लाखांची वजाबाकी आहे.

१९११ साली राज्याचा आकडा १ कोटी ३३ लाख ७४ हजारांवर गेला. मधली वर्षे बरी गेली असावीत असे त्यावरून म्हणता येते. पण १९२१ साली पुन्हा घट होऊन तो १ कोटी २४ लाख ७१ हजारांवर आला. नऊ लाख माणसे कमी झाली. १९१८ साली पाऊस दगा देऊन गेला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या तापाची साथ आली. साऱ्या हिंदुस्थानात त्या तापाने एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्या साथीत तरुण बायाबापड्या व कर्ती माणसे अधिक दगावली. अनेक घराण्यांच्या वंशावळीत पणजोबांच्या दोन बायका आढळतात. धाकटी ‘पहिली वारल्यावर केलेली’ असे सांगतात. पहिली कोणत्या साली वारली हे कोणी सांगत नाही. अशा ठिकाणी १९१८ हे साल मनात धरून चौकशी करावी, बहुधा धागा लागतो.

वयाच्या बाबतीतही सावध असावे. त्या वेळी जन्मतारीख कोणाजवळ नव्हती. वय विचारले की माणूस वीस, पंचवीस, तीस, चाळीस असे गोळाबेरीज सांगे. म्हणून एका कागदावर पस्तीस आणि पुढच्या पाच वर्षांत पन्नास असे वय दिसले तर ती दोन माणसे आहेत असे लगेच समजू नये.

खानेसुमारीत नाव का सापडत नाही

येथे वाचक विचारील की खानेसुमारी झाली, नाव लिहिले, मग तो कागद गेला कोठे? उत्तर असे की खानेसुमारीला माणसाच्या नावाशी कर्तव्य नव्हते. १९०१ पासून प्रत्येक माणसाची माहिती एका लहान चिठ्ठीवर उतरवून घेत. धर्मावरून चिठ्ठीचा रंग वेगळा असे. त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावून बेरजा केल्या की तक्ते तयार होत आणि काम संपल्यावर मूळ कागद नष्ट करीत. छापील अहवालात तालुका आला, जिल्हा आला, धर्म आणि जातीनिहाय आकडे आले. माणूस मात्र त्यात आला नाही.

बायकांची गोष्ट तर त्याहून वेगळी. घरच्या स्त्रीचे नाव सांगण्यास हरकत असेल तर नावाऐवजी नुसते ‘स्त्री’ असे लिहावे, अशी हिंदुस्थानातील त्या काळच्या गणतीत मुभा असे. म्हणजे ते कागद उरले असते तरी पणजीचे नाव त्यांत मिळालेच असते असे नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याने प्रत्येक व्यक्तीची माहिती गुप्त ठरविली. ती कोणाला पाहता येत नाही आणि पुराव्यातही घेता येत नाही. इंग्लंडात रीत निराळी आहे. तेथे शंभर वर्षे झाली की घरोघरचे मूळ तक्ते लोकांना खुले होतात. १९२१ सालचे तक्ते जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. तेथील माणूस पणजोबांच्या हातची सही पाहू शकतो.

याहून विलक्षण उदाहरण मॉरिशसचे आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणपट्टीतून आणि देशाच्या इतर भागांतून जी गरीब माणसे गिरमिटावर त्या बेटावर उसाच्या मळ्यांत कामाला गेली, त्यांच्या नोंदवह्या तेथील महात्मा गांधी संस्थेने जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचे नाव, गाव, वय, उंची, अंगावरची खूण, सारे त्यांत आहे. जो मजूर समुद्रापार गेला त्याची उंचीसुद्धा लिहिली गेली. जो आपल्या गावात राहून सरकारचा धारा भरत राहिला तो बेरजेत विरून गेला. याचे कारण सरळ आहे. मळेवाल्याला एक एक माणूस हवा होता, म्हणून त्याने एक एक माणूस लिहिला.

नाव सापडते ते शेताच्या कागदात

निजाम सरकारलाही एका ठिकाणी माणूस नावानिशी हवा होता. ते ठिकाण म्हणजे शेतसारा. म्हणून आपल्या पूर्वजाचे नाव सापडण्याची पहिली आशा जमिनीच्या दप्तरात आहे. मोजणी होऊन सर्व्हे नंबर पडले, बंदोबस्त झाला, तेव्हा सेतवार तयार झाले. त्यात नंबर, क्षेत्र, आकार आणि पट्टेदाराचे नाव असते. आपला पूर्वज वडिलांच्या माघारी पट्टेदार झाला असेल तर तेथे त्याची ओळ असावी.

ही ओळ वाचणे सोपे नाही. राज्याचा वरचा कारभार आधी फारसीत आणि १८८४ च्या सुमारापासून उर्दूत चाले, तर गावच्या पटवाऱ्याची वही बहुधा मोडीत असे. उर्दू कागद घाईच्या शिकस्ता लिपीत असला म्हणजे अक्षरांवरचे नुक्ते गळालेले असतात. नुक्त्यावाचून ब, प आणि त यांत फरक करता येत नाही. मोडीत ऱ्हस्वदीर्घ पाळीत नाहीत आणि शब्द तोडून लिहीत नाहीत. म्हणून धोंडिबा, धोंडू, धोंडजी हे तिघे एकच असू शकतात. आडनाव तर पुष्कळदा नसतेच. ‘अमुक वल्द अमुक, साकिन मौजे हट्टा’ एवढेच असते. वल्द म्हणजे बापाचे नाव आणि साकिन म्हणजे राहणार. स्त्रीचे नाव आले तर ‘जौजे अमुक’, म्हणजे अमक्याची बायको, किंवा ‘बेवा’, म्हणजे विधवा, असे येते. नवरा वारल्यावर पट्टा तिच्या नावे झाला, तेव्हाच सरकारला तिचे नाव विचारावे लागले.

सालाचाही घोटाळा होतो. जुन्या कागदावर फसली सन असतो. निजामी राजवटीच्या उत्तरकाळात फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी आजूर महिन्याने सुरू होई. त्या हिशेबाने ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंतच्या कागदात फसली सनात ५९० मिळवावेत आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवावेत. उदाहरणार्थ १३४८ फसली म्हणजे १९३८-३९ हे साल होय. ‘१३४८ सालचा कागद’ पाहून घराणे बहामनी राज्यापासूनचे आहे असा समज करून घेणारेही आढळतात.

आणखी एक गोष्ट. जमीन दिवाणी होती, जहागिरीतली होती, इनामी होती की निजामाच्या खासगी मालकीची, म्हणजे सर्फेखासची होती, हे आधी ठरवावे. जहागिरी १९४९ साली खालसा झाल्या. तोपर्यंत त्यांचा वसूल व दप्तर वेगळे होते. ज्यांच्या नावे जमीनच नव्हती त्यांची वाट अधिक बिकट आहे. बलुतेदार, गावकामगार, सालगडी यांच्यासाठी इनामाचे कागद, शाळेचा दाखल-खारीज, जन्म-मृत्यूचे रजिस्टर, क्वचित फौजदारीचा पंचनामा, एवढेच मार्ग उरतात.

मुक्तिसंग्राम आणि १९५१ ची नोंदवही

आपला पूर्वज साठी ओलांडून गेला तेव्हा रझाकारांचा काळ आला. १९४७-४८ मध्ये मराठवाड्यातली पुष्कळ कुटुंबे जीव मुठीत धरून वऱ्हाडच्या हद्दीत गेली. स्वातंत्र्यसैनिकांनी करोडगिरीचे नाके जाळले आणि त्या धामधुमीत काही गावची दप्तरेही गेली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले.

त्यानंतरची पहिली जनगणना १ मार्च १९५१ ची. या वेळी एक नवी गोष्ट झाली. जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून गावोगाव घरवार नक्कल करून नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर तयार करण्यात आले. त्यात कुटुंबातील माणसांची नावे, कुटुंबप्रमुखाशी नाते, वय, उपजीविका अशा नोंदी झाल्या. सत्तरीचा म्हातारा आपला पूर्वज तेथे आपल्या नावाने, आपल्या दारात, आपल्या लेकरा-नातवंडांच्या वर बसलेला दिसतो. शेजारच्या ओळीत त्याच्या बायकोचे नाव असते. सत्तर वर्षे जो आकड्यात होता तो शेवटी माणूस म्हणून कागदावर आला. ज्या गावचे हे रजिस्टर टिकले त्या गावाचे भाग्य मोठे.

पुढे १९५४-५५ चे खासरा पत्रक आले. मराठवाड्यातल्या जमिनीचा कोणताही जुना वाद निघाला की आजही हेच पत्रक पुढे येते. त्याच्या आगेमागे पाहणी पत्रक, कूळ नोंदवही, हक्क नोंदपत्रक आणि मग सातबारा. खासऱ्यात पणजोबांच्या जागी आजोबांचे नाव लागले असेल, तर मधल्या तीन-चार वर्षांत पणजोबा वारले किंवा वाटणी झाली असा तर्क करावा आणि फेरफार पाहून तो पक्का करावा.

या कागदाला आज आलेले मोल

हा शोध आता हौसेचा राहिलेला नाही. जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा वा वास्तव्य विचारले जाते. मुलाला प्रवेश मिळतो की नाही, हे कधी कधी पणजोबांच्या नावापुढे लिहिलेल्या एका शब्दावर ठरते. सर्वच समाजांतील गोरगरिबांचा हा अनुभव आहे.

मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. त्या निमित्ताने कित्येक वर्षे न उघडलेले गठ्ठे तहसिलांच्या अभिलेख कक्षांतून बाहेर निघाले, मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांचा शोध सुरू झाला आणि समितीला हैदराबादेपर्यंत जावे लागले. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियर विचारात घेण्याचे ठरले. त्यावरून मतभेद झाले, वाद न्यायालयात गेले. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की गॅझेटियरमध्येही आकडेच आहेत. अमुक जिल्ह्यात अमुक जातीचे इतके लोक, असे ते सांगते. त्या इतक्यांत आपला पणजोबा होता हे दाखवायचे तर त्याच्या नावाचा स्वतंत्र कागद, नाहीतर गावातल्या जाणत्यांची साक्ष लागते. म्हणूनच त्या शासन निर्णयात गावपातळीवर चौकशी करणारी समितीही आली.

पुढील जनगणना २०२७ मध्ये होणार असून तीत जातीची नोंद घेण्याचे केंद्र सरकारने २०२५ साली ठरविले. जातींची संपूर्ण गणना छापून येण्याची मागची वेळ १९३१ ची होती. तीतही नाव गुप्तच राहणार. म्हणजे आपल्या नातवंडा-पतवंडांनाही आपण जनगणनेत सापडणार नाही.

आपण काय करावे

घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून आधी तोंडी वंशावळ लिहून घ्यावी. साल विचारू नये. ‘पोलिस ॲक्शनच्या वेळी तुम्ही केवढे होता’, ‘ते वारले तेव्हा पाऊसपाणी कसे होते’, असे विचारावे. आजीचे माहेर विचारावे, कारण एका गावात न सापडलेला धागा पुष्कळदा सोयऱ्यांच्या गावात सापडतो. त्र्यंबकेश्वर-नाशिकला कोणी अस्थी घेऊन गेले असेल तर तेथील तीर्थोपाध्यायांच्या वहीत गाव आणि घराणे यांची नोंद असते, ती पाहावी. मग खासरा पत्रकापासून मागे मागे जावे. तहसील कार्यालय, भूमी अभिलेख कार्यालय आणि शाळा येथे नकलेसाठी लेखी अर्ज करावा. अर्जात गाव, जुना तालुका-जिल्हा, सर्व्हे नंबर आणि अंदाजे साल स्पष्ट लिहावे. ‘जुने सर्व कागद मिळावेत’ अशा अर्जाने काही निघत नाही. घरच्या पेटीतला मोडी कागद फाटला म्हणून चुलीत घालू नये आणि त्यावर चिकटपट्टीही लावू नये. आधी त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवावा.

आणि अखेरीस या स्मरणिकेविषयी. हिच्या पानांवर देणगीदारांची यादी छापली जाते ती कौतुकासाठी. परंतु शंभर वर्षांनी हट्ट्याचा एखादा पोर आपल्या पणजोबांचा शोध घेऊ लागला तर त्याला ही यादी सेतवारापेक्षा कमी मोलाची वाटणार नाही. त्याला कळेल की या साली, या गावात, अमुक नावाचा माणूस होता, त्याच्या बापाचे नाव हे होते आणि देवळासाठी त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे दिले. अकरा रुपयांची देणगी असो वा अकरा हजारांची, ओळ सारख्याच लांबीची असते.

म्हणून नाव लिहून देताना ते पुरते द्यावे. वडिलांचे द्यावे, आजोबांचे द्यावे. आणि पूर्वीच्या दप्तरांनी जी चूक केली ती आपण करू नये. आईचे व पत्नीचे नावही तिच्या स्वतःच्या नावाने लिहावे, नुसते ‘अमक्याची बायको’ म्हणून नव्हे. देवाच्या दारी मांडलेल्या या वहीत गावातले प्रत्येक माणूस नावानिशी असावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.